मेलबर्नला येऊन परत शिकवता येईल का? (उत्तर जरा लांबलंय)

तुम्ही विचारलंय की नाशिकला ऑफिसातल्या लोकांना रेकॉर्ड आणि माहिती व्यवस्थापनाचे कोर्स शिकवता, आता मिस्टरांच्या पीआरवर, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यावर, मेलबर्नला यायचंय, तर इथं परत शिकवायला मिळेल का. व्हिसाचं सांगत नाही, ते सगळं सरकारी साइटवर आहे.

मिळेल, पण आल्या आल्या नाही. इथं असे कोर्स शिकवायला ट्रेनिंग अँड असेसमेंटचं सर्टिफिकेट फोर, म्हणजे मोठ्यांना शिकवायचं आणि तपासायचं इथलं प्रमाणपत्र, लागतं, तुमची मास्टर्स असली तरी. मी पुण्यात कारकुनांपासून तहसीलदारांपर्यंत सगळ्यांना सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे ऑफिसचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायची पद्धत, शिकवलेली बाई, कागदांचे वर्ग, अ म्हणजे कायम, ड म्हणजे वर्षभराने नष्ट, झोपेतसुद्धा सांगेन, आणि इथं मला सेशन प्लॅन कसा करायचा यावर असाइनमेंट लिहायला बसवलं. आधीच्या अनुभवावर सूट मिळते, त्याला आरपीएल म्हणतात, पण पुरावे मागतात. माझ्याकडे काय, तर लेटरहेडवर 'यांचे काम समाधानकारक होते' एवढी एक ओळ, खाली गोल शिक्का. तेव्हा निघायच्या आधी साहेबांकडून नीट लिहून घ्या, कुठला विषय, कोणाला, किती तास, परीक्षा कोणी घेतली. साहेबांची बदली झाली की मग कोण ओळखतंय.

शिवाय त्या क्षेत्रातलं काम चालू आहे हेही दाखवावं लागतं, आणि कामासाठी अर्ज केला की उत्तर ठरलेलं, लोकल एक्स्पिरियन्स नाही. गंमत बघा, आपण सगळे ज्या आयएसओ १५४८९ च्या, म्हणजे रेकॉर्ड सांभाळायच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या, स्लाइड दाखवतो ते २००१ मध्ये पहिल्यांदा आलं तेव्हा मुळात ऑस्ट्रेलियाच्याच १९९६ च्या स्टँडर्डवरून आलंय. म्हणजे यांचंच मी पुण्यात शिकवत होते! शेवटी एका काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, रेकॉर्ड्समध्ये लागले, सुरुवातीला काम काय तर स्कॅनिंगच्या आधी जुन्या फायलींच्या स्टेपल आणि गंजलेल्या टाचण्या काढायच्या, बोटं लाल व्हायची. मग सेंटेन्सिंग, म्हणजे कुठला कागद किती वर्षं ठेवायचा ते ठरवणं. तिथून वर्गात आले.

मुलीच्या शाळेचं विचारलंत. इथं वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं, आम्ही मधेच ऑगस्टमध्ये आलो, ती तिकडे सहावीत होती, इथं वयावरून पाचवीत घातली. तेही चाललं असतं, पण पहिल्याच आठवड्यात फाइलमध्ये कोणीतरी लिहिलं की इंग्रजीला मदत लागेल. इंग्लिश मीडियमची पोर, बोलत नव्हती कारण नवीन होती! ते वाक्य पुढच्या वर्गात गेलं, त्याच्या पुढच्याही. आता ती युनिव्हर्सिटीत आहे, तिला आठवतही नाही, मला आठवतं.

मुलांच्या फाइलींचा विषय निघालाच आहे तर, इथल्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, २०१७ मध्ये सांगितलं की मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराशी संबंधित रेकॉर्ड किमान ४५ वर्षं ठेवा. अनाथाश्रमात वाढलेली माणसं म्हातारपणी स्वतःची फाइल मागायला येतात आणि आत निघतात चार ओळी, त्याही कोणीतरी घाईत खरडलेल्या. हा भाग शिकवताना माझा आवाज चढतो. वर्गातल्यांना वाटतं बाई विषयात फार रमल्यात.

एकटेपणा म्हणाल तर असतो. जूनमध्ये पाचलाच अंधार पडतो. मराठी मंडळात नाव घाला, गणपतीला जा, होतं सगळं ठीक.

पैशाचं मात्र नीट ऐका. शिकवायची कामं बरीचशी कॅज्युअल, तासावर, सुट्टीत पगार शून्य. काउन्सिलची नोकरी मी म्हणूनच सोडली नाही, वर्ग संध्याकाळी घेते. नवरा विचारतो, एवढी दमतेस तर कशाला? त्याला सांगते, अनुभव चालू राहतो. खरं म्हणजे ऑफिसात आठ तास माझ्या तोंडून गुड मॉर्निंगच्या पुढे काही निघालं नाही तरी कोणाचं काही अडत नाही, आणि वर्गात गेले की वीस माणसं वह्या उघडून माझ्याकडे बघत बसतात. याच्यासाठी तुम्ही तिकडचा भरलेला वर्ग सोडून यावं का, ते मला नका विचारू. आरपीएलचे कागद बघून हवे असतील तर सांगा, बघते.