सोलमध्ये दाद कोणाला द्यायची?

प्रिय मित्रा,

आधुनिक सोल संगीतात, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांकडून आलेल्या या गाण्याच्या प्रकारात, खरा मान कोणाला मिळायला हवा, यावरचा तुझा खर्डा सावकाश वाचला. मनापासून लिहिलं आहेस. पण तुझ्या यादीत सगळे गायकच आहेत, आणि तेही बहुतेक ज्यांच्या कपाटात आधीच पुरस्कार आहेत असे.

ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसला तू सर्वांत वर ठेवलंस. ठेव. 'बॅक टू ब्लॅक' या २००६ च्या अल्बमची गाणी तिने लिहिली, तो आवाज तिचा, आणि २००८ साली मिळालेले ५ ग्रॅमी तिच्या हक्काचेच होते. आता त्यातलं 'रिहॅब' पुन्हा लाव आणि फक्त ड्रम आणि ब्रासकडे, म्हणजे फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यांकडे, कान दे. ब्रुकलिनचा डॅप-किंग्ज हा बँड वाजवतो आहे. ड्रमवर होमर स्टाइनवाइस, ट्रम्पेटवर डेव्ह गाय, टेनर सॅक्सोफोनवर नील शुगरमन. त्या अल्बमचा विषय निघाला की निर्माता मार्क रॉन्सनचं नाव येतं, यांची येत नाहीत. आणि जुन्या सोलची आठवण करून देणारा हा बाज त्यांनी त्या अल्बमसाठी उचलला नव्हता. २००६ च्या कितीतरी आधीपासून ते असंच वाजवत होते, गायिका शेरॉन जोन्सच्या साथीला.

शेरॉनचं नाव तुझ्या खर्ड्यात एकदाच येतं, तेही स्वल्पविरामांच्या गर्दीत. हे मला खटकलं. १९९६ च्या सुमारास ली फील्ड्स या सोल गायकाच्या एका रेकॉर्डिंगला मागे गाण्यासाठी तीन बायका हव्या होत्या. आली एकटी शेरॉन, आणि तिघींचे भाग तिने एकटीने गायले. त्याआधी ती न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात पहारेकरी होती, पैसे वाहून नेणाऱ्या चिलखती गाडीवर रक्षक होती. तू फार काळी, फार जाड, फार बुटकी, आता वयही गेलं, असं तिला एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने तोंडावर ऐकवलं होतं. पहिला अल्बम २००२ साली आला तेव्हा तिने पंचेचाळिशी ओलांडली होती. तिचे अल्बम काढणाऱ्या डॅपटोन या छोट्या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ या मंडळींनी एका जुन्या घरात स्वतःच्या हातांनी उभारला. त्याच्या वायरिंगलाही शेरॉनचे हात लागले होते. मोठ्या कंपनीने दार लावून घेतलं, तर ज्या खोलीत गायची तीच तिने बांधायला घेतली! ग्रॅमीचं नामांकन आलं २०१४ च्या अखेरीस. तोवर कर्करोग झाला होता. केमोथेरपीने केस गेलेले असताना ती टक्कल न झाकता मंचावर नाचत होती. १८ नोव्हेंबर २०१६ ला ती गेली.

पण एक सांभाळ. या हालअपेष्टांच्या बळावर तिच्यासाठी मान मागू नकोस. डॅपटोनच्याच चार्ल्स ब्रॅडली या गायकाबद्दल लिहिताना तू नेमकं तेच केलं आहेस. स्वयंपाकी होता, सोलचा मोठा गायक जेम्स ब्राउन याची नक्कल करून गायचा, साठी उलटल्यावर २०११ मध्ये पहिला अल्बम आला, हे सगळं खरं. त्याने वाचणाऱ्याला कणव येईल, पण गाणं कळणार नाही. तो किंचाळतो तेव्हा नेमकं काय होतं? सूर फाटतो, पण सुटत नाही. बँड त्या जागी हात आखडता घेतो, म्हणून ती किंकाळी अंगावर येते. हे तुला ऐकू येतं, मला ठाऊक आहे. मग लिहीत का नाहीस? ब्रॅडलीच्या मागची गिटार थॉमस ब्रेनेकची, आणि एमीच्या त्या अल्बमवरही तो आहेच. ही एक सापडली की बाकीचे धागे तुझे तुला सापडतील.

म्हणून यादी करण्याआधी प्रत्येक अल्बमची श्रेयनामावली काढून बस. बास कोणाचा, मागे गाणाऱ्या कोण, ध्वनिमुद्रण कोणी केलं? अर्धी नावं पुन्हा पुन्हा भेटतील. जी नावं भेटत राहतील त्यांच्याबद्दल आधी लिही.

आणि क्रम बदल. शेरॉन आणि ब्रॅडली आता आपली दाद ऐकू शकत नाहीत. पण ज्याच्या रेकॉर्डिंगला ती एकटी येऊन उभी राहिली, तो ली फील्ड्स १९६९ पासून गातो आहे. २०२२ मध्ये डॅपटोननेच त्याचा नवा अल्बम काढला. तुझ्या खर्ड्यात तो कुठेच नाही. तो भाग सर्वांत आधी लिहून पाठव, बाकीचं नंतर बघू.

तुझा,
दादा