वाचकांचे प्रश्न : ‘मानवी’ अँटिबॉडी म्हणजे नेमकी कुणाची?

प्रश्न : आईला आमवात आहे. मेथोट्रेक्सेटने भागेना म्हणून डॉक्टरांनी अडॅलिमुमॅब सुचवलं आहे. ‘पूर्ण मानवी’ म्हणजे ते माणसाच्या रक्तातून काढतात का? आणि मानवी आहे, तर मेथोट्रेक्सेट चालूच का ठेवायचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : रक्तातून नाही. अडॅलिमुमॅब ही अँटिबॉडी आहे, म्हणजे ठरावीक लक्ष्याला पकडणारं प्रथिन. मानवी आहे ती फक्त तिची रचना. औषध बनतं हॅमस्टरच्या पेशी वाढवून.

सूज भडकवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला पकडणाऱ्या उंदराच्या अँटिबॉडी आधीपासून होत्या, पण परक्या प्रथिनावर शरीर उलटतं. इन्फ्लिक्सिमॅब या आधीच्या टीएनएफविरोधी औषधात (१९९८) सुमारे पाव भाग उंदराचा उरलाच. तो काढायला केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी जिवाणूंना लागणारे विषाणू, म्हणजे फाज, वापरले. एकेका फाजवर एकेक मानवी अँटिबॉडीचा तुकडा. टीएनएफ लावलेल्या पृष्ठभागावर हे फाज सोडायचे, धुऊन टाकायचे, चिकटून राहिलेले जिवाणूंत वाढवायचे आणि पुन्हा तेच. अँटिबॉडीत जड आणि हलकी अशा दोन साखळ्या असतात. उंदराची एक साखळी वाटाड्यासारखी धरून जोडीला मानवी साखळ्या चाचपल्या. अशा रीतीने शेवटी दोन्ही मानवी मिळाल्या. हेच अडॅलिमुमॅब. त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली ३१ डिसेंबर २००२ रोजी. अँटिबॉडीसाठी हे तंत्र वापरणाऱ्या ग्रेग विंटर यांना २०१८चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

तरीही ‘पूर्ण मानवी’ या शब्दांवर फार विसंबू नका. टीएनएफला धरणारं टोक तुमच्या आईंच्या शरीराने कधी पाहिलेलं नसतं. काहींमध्ये त्याच्याविरुद्धच अँटिबॉडी तयार होतात, औषध लवकर निचरून जातं आणि गुण ओसरतो. मेथोट्रेक्सेट हेच कमी करतं, शिवाय स्वतःही आमवातावर काम करतं. म्हणून डॉक्टरांनी थांबवल्याशिवाय सोडू नये. मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

अडॅलिमुमॅबचा नेहमीचा डोस ४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली. पहिल्या इंजेक्शनआधी क्षयाची तपासणी (मांटू ही त्वचेची किंवा इग्रा ही रक्ताची चाचणी, आणि छातीचा एक्स-रे) व्हायलाच हवी. दबलेल्या क्षयजंतूंना गाठीत कोंडून ठेवायला टीएनएफ लागतो. तो अडवला की ते सुटतात. हिपॅटायटिस बीचीही तपासणी करा.

इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, पण फ्रीझरला चिकटून नको. गोठलेलं प्रथिन गुठळ्या धरतं. वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी टोचू नका. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवलं की झोंबतं कमी.