पैशाची पत्रपेटी: परदेशी फंड घ्यायचा की नाही?

मागच्या वेळी उत्तर लिहिता लिहिता "परदेशी फंडांबद्दल पुन्हा कधीतरी" असं एक वाक्य टाकलं होतं, त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की हे पान त्यालाच देऊन टाकतोय. पीपीएफवाल्यांनी पुढच्या वेळेपर्यंत कळ काढा.

प्रश्न: मी ४१ वर्षांचा, हिंजवडीत एका अमेरिकन कंपनीत. वाकडला फ्लॅट (लोन चालू आहे), पीएफ, तीन भारतीय इक्विटी फंडांत एसआयपी, बायकोचं थोडं सोनं. परदेशी काहीच नाही. टीममधला मित्र रोज नॅसडॅकचा (अमेरिकेचा टेक कंपन्यांनी भरलेला इंडेक्स) चार्ट दाखवतो, म्हणतो निम्मे पैसे तिकडे टाक. सासरे म्हणतात आपला देश एवढा पळतोय तर बाहेर जायचंच कशाला. कोणाचं ऐकू? (वाचक, वाकड)

दोघंही चुकतायत, पण सासरे जरा कमी चुकतायत.

आधी मित्राचं बघू. त्याला विचारा चार्ट कुठल्या वर्षापासून सुरू होतो, बहुतेक २००९ नंतरचा असेल. तोच चार्ट २००० पासून काढा म्हणावं. १९९९ च्या शेवटी अमेरिकेचा एस अँड पी ५०० (मोठ्या पाचशे कंपन्यांचा इंडेक्स) साधारण १,४६९ वर होता आणि दहा वर्षांनी, २००९ च्या शेवटी, १,११५ वर. म्हणजे दशकभर थांबून इंडेक्स खालीच, आणि त्याच दहा वर्षांत आपला सेन्सेक्स पाच हजारांवरून सतरा हजारांच्या वर गेला. नॅसडॅकची कथा तर अजून वाईट, मार्च २००० च्या शिखरावरून अडीच वर्षांत पाऊण भागाहून जास्त गेला, आणि ते शिखर परत दिसायला २०१५ उजाडलं. तेव्हा तुमच्या मित्राच्या जागी कोणी असता तर तो उलटा चार्ट दाखवत फिरला असता, "अमेरिकेत काय ठेवलंय, इंडिया बघ" म्हणत.

आता सासरे. देश पळतो म्हणून शेअरबाजार पळतोच असं नसतं, कारण तुम्ही शेअर कुठल्या भावाला घेतला त्याचाही हिशोब असतो ना. २९ डिसेंबर १९८९ ला जपानचा निक्केई ३८,९१५ वर बंद झाला, तेव्हा जपान जग विकत घेणार अशी हवा होती. तो आकडा परत ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी लागला. चौतीस वर्षं! टोयोटा सोनी तिथेच होत्या, ट्रेन वेळेवर धावत होत्या, देश कुठे बुडाला नाही, पण पस्तिशीत पैसे टाकलेला तिथला एखादा नोकरदार सत्तरीला आला तेव्हा इंडेक्स कुठे जागेवर. भारताचं तसं होईल असं मी म्हणत नाहीये, मला वाटतही नाही, पण १९८९ मध्ये जपानी सासऱ्यांनाही वाटत नव्हतं.

म्हणून परदेशी फंडाचं माझ्या लेखी काम एकच, सगळी अंडी नव्हे तर सगळी कोंबड्यांची खुराडीच एका गावात नकोत. तुमचा पगार इथे, फ्लॅट इथे, पीएफ इथे, एसआयपी इथे. इथे काही गडबड झाली तर सगळ्यालाच एकदम धक्का बसणार. जास्त रिटर्न मिळेल या आशेने घेणार असाल तर सरळ नका घेऊ, कारण पहिल्या पडझडीत तुम्हीच विकून मोकळे व्हाल.

पण तुमच्या केसमध्ये एक मेख आहे आणि ती मित्राच्या लक्षातच आलेली नाही. तुम्ही अमेरिकन टेक कंपनीच्या पगारावर जगता. कंपनी शेअर (ते आरएसयू) देते का हे तुम्ही लिहिलं नाहीत, देत असेल तर तुमच्याकडे परदेशी शेअर ऑलरेडी आहेत, आणि तेही एकाच कंपनीचे. २०२२ मध्ये नॅसडॅक १०० एका वर्षात तेहतीस टक्क्यांच्या आसपास पडला आणि त्याच वर्षाच्या शेवटाला मोठमोठ्या टेक कंपन्यांत ले-ऑफ सुरू झाले, म्हणजे फंडही खाली आणि नोकरीवरही टांगती तलवार, दोन्ही एकाच वेळी. तुमच्यासारख्याने निम्मे पैसे नॅसडॅकमध्ये टाकणं म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तिलाच झोका बांधणं. तुम्हाला घ्यायचाच तर पसरलेला फंड घ्या, अनेक देशांचा, नाहीतर किमान एस अँड पी ५०० सारखा ज्यात टेकसोबत औषधं, बँका, तेल, साबण सगळं येतं (टेकचा वाटा त्यातही सध्या बराच आहे, तेवढं मान्य). कोकणात मासे विकणाऱ्याला किंवा एसटीत नोकरी करणाऱ्याला नॅसडॅक तुमच्याएवढा वाईट नाही, त्याचं पोट तरी त्यावर नाही.

रुपया घसरला की परदेशी फंड रुपयांत वाढतो, त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण मित्र ते पण सांगणार, म्हणून आधीच लिहून ठेवतो. २०११ च्या सुरुवातीला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने ८३ ओलांडले. ऐकायला भारी वाटतं, पण वर्षाला काढलंत तर पाच टक्के आणि थोडं वर येतं, बँकेची साधी एफडीसुद्धा त्यातल्या बऱ्याच वर्षांत याहून जास्त देत होती. आणि रुपया दरवर्षी पडतोच असंही नाही, २००३ ते २००७ मध्ये तो ४८ वरून चाळीसच्या आत आला होता. थोडक्यात, चलनाचा फायदा वरचा बोनस समजा, तेवढ्यासाठी फंड घेऊ नका.

आणि बायकोचं सोनं विसरू नका. सोन्याचा भाव बाहेर डॉलरमध्ये ठरतो, त्याला डॉलरचा दर आणि आपली आयात ड्युटी लागून तो सराफकट्ट्यावर येतो. रुपया घसरला की आजीच्या पाटल्या आपोआप महाग होतात. आपल्या घरातल्या बायकांनी डॉलरचं हेजिंग (म्हणजे रुपया पडला तर सांभाळून घेणारी सोय) तो शब्द ऐकायच्या कितीतरी आधीपासून करून ठेवलंय, फक्त कपाटात.

किती घ्यायचं? जगातल्या सगळ्या शेअरबाजारांची बेरीज केली तर त्यात भारत तीन-चार टक्क्यांच्या आसपास आणि अमेरिका निम्म्याच्या आसपास. पुस्तकी हिशोबाने तुमचे जवळजवळ सगळेच पैसे बाहेर हवेत, पण तुमचा किराणा, शाळेची फी, हॉस्पिटलचं बिल, सगळं रुपयांत आहे, त्यामुळे तो हिशोब आपल्याला लागू नाही. मी इक्विटीच्या दहा-पंधरा टक्के म्हणतो. यामागे काही मोठं शास्त्र नाही, दोन टक्के घेतले तर असून नसून सारखे आणि चाळीस घेतले तर २०२२ सारख्या वर्षी तुम्ही झोपणार नाही. तुमच्या तीन फंडांत आधीच परदेशी शेअर आहेत का तेही फॅक्टशीट (फंडाचं माहितीपत्रक) उघडून बघा, पराग पारिखच्या फ्लेक्सी कॅपसारखे काही भारतीय फंड थोडे अमेरिकन शेअरही ठेवतात, असतील तर तेवढे धरून चाला. आरएसयू निघाले तर आधी ते हळूहळू विकून कमी करा, फंडाचं नंतर बघू.

प्रश्न: वय ६८, निवृत्त शिक्षिका. एफडी मोडून परदेशी फंडात टाका असं बँकेतला मुलगा म्हणतोय. टाकू का? (वाचक, सांगली)

नको हो मावशी. बँकेतल्या मुलाला टार्गेट आहे, तुम्हाला नाही.

प्रश्न: २०२१ मध्ये अमेरिकेच्या फंडात एसआयपी चालू केली, फेब्रुवारी २०२२ मध्ये अचानक बंद, मग चालू, मग परत बंद. मित्र म्हणतो फंड बंद असला तरी शेअरबाजारातून ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) मिळतो, तो घे. घेऊ का? (वाचक, ठाणे)

यात फंड कंपनीचा दोष नाही. आपल्या सगळ्या म्युच्युअल फंडांनी मिळून बाहेर किती पैसे न्यायचे याला रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे, सात अब्ज डॉलर, आणि परदेशी ईटीएफसाठी वेगळे एक अब्ज. हा सात अब्जाचा आकडा २००८ सालचा! तेव्हा म्युच्युअल फंडात पैसे किती होते आणि आज किती आहेत, पण घागर तेवढीच ठेवलीय. २०२२ च्या जानेवारीत ती काठोकाठ भरत आली, शेअरबाजारावर आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने नळ बंद करायला सांगितलं. जूनमध्ये थोडी मुभा मिळाली, ती अशी की लोकांनी पैसे काढून जेवढी जागा झाली तेवढंच परत भरायचं. मग ईटीएफवाली दुसरी घागर पण भरत आली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिचाही नळ बंद. त्यामुळे फंड उघडतात, मिटतात, कोणी ठरावीक रकमेपर्यंतच घेतं. वैताग आहे, पण तुमच्या आधीच्या युनिट्सना काही झालेलं नाही, ती विकायला कधीच बंदी नव्हती.

ईटीएफचं मात्र सांभाळून. इथे मी स्वतः हात पोळून घेतलेत म्हणून जरा तावातावाने लिहितो. फंड बंद होता, मला घाई होती, ब्रोकरच्या ॲपवर परदेशी ईटीएफ दिसला, भाव बघितला आणि घेऊन टाकला. संध्याकाळी सहज फंडाच्या साइटवर गेलो तर त्याच युनिटची आतली खरी किंमत मी दिलेल्या भावापेक्षा चौदा टक्के कमी. कारण सोपं आहे, नवीन युनिट काढायला बंदी, घेणारे भरपूर, मग जुन्या युनिटवर ब्लॅकने तिकीट विकल्यासारखा भाव. पुढे हा वरचा भाव उतरला तेव्हा अमेरिकेचा बाजार वर जात होता आणि माझा ईटीएफ जागच्या जागी. बायको विचारत होती, बातम्यांत तर वर गेला म्हणतायत? काय सांगणार. असो. घ्यायचा असेल तर आधी त्याची आयएनएव्ही, म्हणजे युनिटची त्या क्षणाची आतली खरी किंमत, बघा (फंडाच्या साइटवर आणि एक्स्चेंजवर दिसते), भाव तिच्यापेक्षा एक-दोन टक्क्यांहून वर असेल तर सोडून द्या आणि रांगेत उभे राहा.

प्रश्न: मग ॲपवरून थेट अमेरिकन शेअर घेतले तर? तिथे तर लिमिट नाही म्हणतात. (वाचक, कोल्हापूर)

लिमिट आहे, पण ते दर आर्थिक वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर आहे, तुम्हाआम्हाला पुरून उरेल. कटकट दुसरीकडे आहे. वर्षात दहा लाखांच्या वर पैसे पाठवले की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ टॅक्स) कापते, म्हणजे बारा लाख पाठवले तर दोन लाखांवर चाळीस हजार. हे पैसे जात नाहीत, टॅक्स रिटर्नमध्ये ॲडजस्ट होतात, पण तोपर्यंत अडकतात. एक शेअर जरी घेतला तरी साधं आयटीआर १ चालत नाही, आयटीआर २ भरून त्यात परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए भरायचं. ते राहून गेलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड लागू शकतो, लहान रकमांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून सूट मिळालीय पण म्हणून शेड्यूल भरायचं टाळू नका. डिव्हिडंडवर अमेरिका २५ टक्के आधीच कापून घेते. आणि हे ॲपवाले ठळक सांगत नाहीत, तिकडचे शेअर तुमच्या नावावर साठ हजार डॉलरच्या वर असताना तुमचं काही बरंवाईट झालं तर वरच्या रकमेवर अमेरिकेचा इस्टेट टॅक्स लागू शकतो, चाळीस टक्क्यांपर्यंत. भारतीय फंडाच्या युनिटमध्ये यातलं काहीच तुमच्या डोक्यावर येत नाही. हौस असेल तर थोडे घ्या, पण सीएला आधी विचारून.

प्रश्न: मुलगी आता सहावीत आहे, पुढे बाहेर शिकायला पाठवायचा विचार आहे. तिच्यासाठी परदेशी फंड बरा ना? (वाचक, नाशिक)

हो, माझ्या मते परदेशी फंडाचं सगळ्यात पटणारं कारण हेच. खर्च डॉलरमध्ये होणार असेल तर बचतीचा काही भाग डॉलरबरोबर हलणारा असू दे. पण सगळा नाही, कारण तिला फी २०२२ सारख्या वर्षीच भरायची वेळ आली तर? ती अकरावी-बारावीला गेली की तिथून काढत काढत साध्या सुरक्षित ठिकाणी आणायला लागा, बाजार चढलेला असो की पडलेला. आणि मुलगी जर्मनीला जायचं म्हणाली किंवा फर्ग्युसनलाच बसली तरी बिघडत नाही, तेव्हा पैसे दुसऱ्या कामाला येतील.

प्रश्न: २०२१ च्या फेब्रुवारीत एजंटने चीनचा फंड दिला, वर्षदीड वर्षात निम्म्यावर आला, अजून थोडा तोट्यातच आहे. आता तो म्हणतो हा विकून तैवानचा घ्या. टॅक्स किती लागेल? (वाचक, रत्नागिरी)

तुमचं टायमिंग म्हणजे अगदी शिखरावर, हाँगकाँगचा हँग सेंग तेव्हा ३१,००० वर होता आणि २०२२ च्या ऑक्टोबरअखेर पंधरा हजारांच्या खाली. टॅक्सचा नियम मध्ये दोन-तीनदा बदलला, सध्या असा आहे की अशा फंडाचं युनिट चोवीस महिन्यांहून जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के, त्याआधी विकलं तर तुमच्या स्लॅबप्रमाणे, आणि भारतीय इक्विटी फंडाला सव्वा लाखाची सूट असते ती इथे नाही. तुम्ही तोट्यात आहात म्हणजे टॅक्स नाहीच, उलट हा लाँग टर्म तोटा दुसऱ्या लाँग टर्म नफ्यातून वजा करता येतो, उरला तर पुढे आठ वर्षं नेता येतो, फक्त रिटर्न वेळेत भरा.

विकायला माझी हरकत नाही. एका देशाचा फंड हा प्रकारच मला आवडत नाही, त्यात पसरणं होत नाही, फक्त खुराडं बदलतं. तैवानचं म्हणाल तर एजंटला एवढंच विचारा की त्याने स्वतः चीनचा घेतला होता का, आणि घेतला असेल तर कधी विकला.