वेणीची सतरंजी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुन्या सुती कापडाच्या लांब पट्ट्या फाडायच्या, त्यांची तिपेडी वेणी घालायची आणि ती वेणी गोल किंवा लंबगोल फिरवत शिवायची, अशा पद्धतीने घरी सतरंजी करण्याविषयी कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहोत. जुन्या कापडाची वाकळ आपल्याकडे घरोघरी शिवली जात असे. वेणीची सतरंजी मात्र अमेरिकेच्या ईशान्य भागात एकोणिसाव्या शतकात रुजली आणि तिथे ती प्रामुख्याने लोकरी कपड्यांची होत असे. ही गोष्ट मुद्दाम सांगण्याचे कारण असे की जाड लोकरीसाठी ठरलेली मापे आपल्या सुती साड्यांना तशीच लावली, तर वेणी बारीक आणि लेचीपेची होते. खालच्या उत्तरांतली मापे सुती साडीची आहेत.

प्रश्न : आईची आठ-दहा सुती लुगडी आणि काही पाचवारी साड्या घरात आहेत. त्यांची सतरंजी करावी असे मनात आहे. पट्टी किती रुंद घ्यावी, एका सतरंजीला किती कापड लागेल आणि सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

सर्वप्रथम प्रत्येक लुगडे उजेडाकडे धरून पाहावे. जिथे वीण विरळ होऊन पलीकडचे स्पष्ट दिसते किंवा दोन्ही हातांनी हलकेच ताणताच सूत उसवते, तो भाग बाजूला काढावा. विरलेले कापड वेणीत लपते खरे, पण पायाखाली सर्वांत आधी तेच फाटते, आणि मधल्या फेरीतला एक पेड तुटला की दुरुस्तीसाठी बाहेरच्या सगळ्या फेऱ्या उसवाव्या लागतात. काठ वेगळे फाडून ठेवावेत, कारण त्यांची वीण घट्ट असते आणि अंगाच्या पातळ कापडाबरोबर ते एकसारखे वळत नाहीत.

पट्टी अडीच इंच रुंद घ्यावी. कात्रीने फक्त पदराच्या कडेला अडीच-अडीच इंचांवर खाचा द्याव्यात आणि पुढे साडीच्या लांबीच्या दिशेने कापड हातानेच फाडावे. साध्या विणीचे सुती कापड सुताच्या रेषेत सरळ फाटते, त्यामुळे पट्टीची रुंदी शेवटपर्यंत सारखी राहते. कात्रीने एवढ्या लांबीवर ती तशी राखता येत नाही. फाडताना सुताचा भुगा पुष्कळ उडतो, म्हणून हे काम अंगणात किंवा गच्चीवर करावे आणि नाकाला रुमाल बांधावा.

आता हिशेब. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. काठ वगळून त्यात अडीच इंचांच्या सुमारे १६ पट्ट्या निघतात. साडेपाच मीटर लांबीच्या पाचवारीतून अशा रीतीने ८८ मीटर पट्टी मिळते. तिचे तीन पेड केले तर प्रत्येक पेड २९ मीटरांच्या आसपास भरतो, आणि वेणी घालताना लांबी जवळजवळ एक तृतीयांशाने घटत असल्यामुळे हाती २० मीटर वेणी येते. वेणीची रुंदी पाऊण इंच धरल्यास दोन फूट बाय तीन फुटांच्या लंबगोल सतरंजीला २५ मीटर वेणी लागते. म्हणजे एक पाचवारी कमी पडते. दुसरी हाताशी असावीच. नऊवारी लुगड्याची लांबी आठ मीटरांहून थोडी अधिक असल्याने एका धडधाकट लुगड्यात मात्र एक सतरंजी पुरी होते. आपल्याकडे आठ-दहा लुगडी आहेत, तेव्हा एका लुगड्याची एक अशा सतरंज्या करून त्या भावंडांत वाटता येतील, असे सुचवावेसे वाटते.

दोन पट्ट्या जोडताना टोके काटकोनात एकमेकांवर ठेवून तिरपी शिवण घालावी आणि जादा कोपरा कापून टाकावा. सरळ शिवणीची गाठ एका जागी जाड होते. तिरप्या जोडाची जाडी पसरते आणि वेणीत तो जोड दिसतही नाही. तिन्ही पेडांची लांबी सुरुवातीपासून कमीजास्त ठेवावी, म्हणजे तीन जोड एका ठिकाणी येत नाहीत. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा आत मध्यापर्यंत दुमडून पुन्हा मधोमध घडी घालावी आणि घडीची उघडी बाजू नेहमी एकाच अंगाला ठेवावी. वेणी घालताना पेड खाली न ओढता बाजूला ओढावेत. खाली ओढल्यास वेणी लांबट आणि सैल होते.

प्रश्न : तीन फुटांची गोल सतरंजी करायला घेतली. हातभर झाल्यावर ती जमिनीवर ठेवली, तर कडा वर उचलून ती परातीसारखी खोलगट झाली आहे. वेणी तर एकसारखी आहे. मग चूक कुठे होते? उसवावी लागेल का?
— एक वाचक भगिनी, गडहिंग्लज

आपण वेणीविषयी लिहिले आहे ते बरोबरच असणार, कारण हा दोष जोडणीचा आहे. या कामाविषयी एकच गोष्ट सांगायची झाली तर ती हीच आहे की वेणी हातात धरून घालावी, पण जोडणी नेहमी सपाट फरशीवर किंवा टेबलावर ठेवूनच करावी. मांडीवर घेऊन शिवताना सतरंजी मांडीच्या आकाराला वळते, बाहेरची वेणी नकळत ताणली जाते, आणि तो ताण फेरीगणिक साठत जातो.

यामागे साधे गणित आहे. गोल आकारात प्रत्येक फेरीची लांबी आतल्या फेरीपेक्षा जास्त हवी, आणि ती किती जास्त हवी हे केवळ वेणीच्या रुंदीवर ठरते. रुंदीला ६.२८ ने गुणले की ते माप मिळते. पाऊण इंच वेणीला दर फेरीस पावणेपाच इंच जादा वेणी सामावावी लागते, मग ती फेरी तिसरी असो की पंधरावी. एवढी लांबी सामावली नाही तर कड आखडते आणि सतरंजीची परात होते. गरजेपेक्षा जास्त सामावली तर कडेला झालरीसारख्या लाटा येतात.

ही जादा लांबी सामावून घेण्याची रीत अशी. वेणीच्या काठाला पेडांचे वळसे ओळीने दिसतात. सरळ भागात दाभण आतल्या फेरीच्या एका वळशातून आणि मग नव्या वेणीच्या एका वळशातून ओवत जायचे असते. वळणावर मात्र नव्या वेणीचा एक वळसा मधूनमधून वगळून पुढच्या वळशात दाभण घालावे, म्हणजे तेवढी वेणी जास्त बसते. पाऊण इंच वेणीला गोल सतरंजीत एका फेरीत असे साधारण सात-आठ वळसे वगळावे लागतात. सुरुवातीच्या फेऱ्यांत ते एकमेकांच्या जवळ येतात, पुढे फेरी मोठी होत जाईल तसे त्यांच्यातले अंतर वाढते. मागच्या फेरीत जिथे वळसा वगळला, त्याच्या समोरच पुढच्या फेरीत पुन्हा वगळू नये, नाहीतर त्या जागी कोपरे निघून गोलाचा षट्कोन होतो. हा आकडा मार्गदर्शनापुरताच घ्यावा. प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा असतो, म्हणून दर फेरीनंतर सतरंजी फरशीवर पसरून कडेवरून तळहात फिरवावा: कड उचललेली लागली तर पुढच्या फेरीत एक-दोन वळसे अधिक वगळावेत, लाट लागली तर कमी.

दाभणाने कापड टोचू नये. ते वळशाखालून सरकले पाहिजे. त्यासाठी बोथट टोकाचे दाभण घ्यावे आणि चपला शिवायला वापरतात तसा मेण लावलेला मजबूत दोरा वापरावा. तो कोल्हापुरात सहज मिळतो. टाका इतकाच ओढावा की दोन वेण्या एकमेकींना टेकतील आणि दोरा वळशांत दडेल.

लंबगोल सतरंजीत हीच पावणेपाच इंचांची वाढ दोन्ही टोकांच्या वळणांत निम्मीनिम्मी वाटली जाते, आणि सरळ बाजूंवर एकही वळसा वगळायचा नसतो. मधल्या पहिल्या वेणीची लांबी काढायला सतरंजीच्या लांबीतून रुंदी वजा करावी. तीन फूट बाय दोन फुटांसाठी ती एक फूट येते. नवख्या हाताने गोलापेक्षा लंबगोलापासून सुरुवात करावी, असे आमचे मत आहे, कारण सरळ बाजूंवर हाताला विसावा मिळतो आणि बिघाड कोणत्या वळणावर सुरू झाला हे लगेच कळते.

उसवण्याविषयी. सतरंजी पालथी घालून, ओलसर कापड ठेवून इस्त्री फिरवल्याने किंचित उचललेली कड बसते. पण परातीइतकी खोली असेल तर इस्त्रीने भागणार नाही. जिथपर्यंत सतरंजी सपाट आहे ती फेरी शोधून तिच्या बाहेरची जोडणी उसवावी. वेणी तशीच राहते, वाया जातो तो फक्त दोरा.

प्रश्न : आमच्याकडे शिंप्याकडची कतरण, जुने टी-शर्ट, टेरिकॉटचे शर्ट आणि मागावरचे कोरे सुती कापड असे सगळेच आहे. हे एकत्र वापरता येईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

एका सतरंजीत एका जातीचेच कापड वापरावे. सुती आणि टेरिकॉट एकत्र वळले तर धुतल्यावर सुती पेड आटतो, टेरिकॉटचा आटत नाही, आणि वेणी पिळवटते. कोल्हापुरी चपलेवरची चामड्याची वेणी इतकी सपाट बसते ती तिच्या साऱ्या वाद्या एका जाडीच्या असतात म्हणून. कापडालाही तोच नियम लागू आहे. टी-शर्टचे कापड मागावरचे नसून स्वेटरसारखे फासांनी विणलेले असल्यामुळे पट्टी ताणली की तिच्या कडा आपोआप आत वळतात आणि घडी घालण्याचे कष्ट वाचतात, परंतु ते ताणले जात असल्याने त्याची सतरंजी वेगळीच करावी. शिंप्याच्या कतरणीचे तुकडे आखूड असतात आणि दर हातभर जोड द्यावा लागतो, म्हणून ती लहान आसनापुरतीच घ्यावी.

कोऱ्या कापडाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. १९०४ साली पहिला यंत्रमाग बसलेल्या आपल्या गावात असे कापड घराघरांत पडलेले असते, आणि ते या कामाला उत्तम आहे. पण मागावरून उतरलेल्या कापडात ताण्याच्या सुताला लावलेली खळ तशीच असते. त्याची वेणी कडक, देखणी होते आणि पहिल्या धुण्यात खळ निघून गेली की तीच वेणी सैल पडून आटते. म्हणून पट्ट्या फाडण्यापूर्वी कापड रात्रभर पाण्यात भिजवावे, दुसऱ्या दिवशी गरम पाणी आणि साबणाने धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे. रंगीत कापडाची ओली पट्टी पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावी. रंग लागला तर रंग जाणे थांबेपर्यंत ते धुवावे. मिठाच्या पाण्यात बुडवून कच्चा रंग पक्का होत नाही.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात दारातली सतरंजी ओली राहून तिला कुबट वास आला आणि काळे ठिपके पडले. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

वेणीची सतरंजी अनेक घड्यांची असते आणि सुती कापड पाणी धरून ठेवते. वरून कोरडी लागली तरी आतल्या घडीत ओल राहते, आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत तिथेच बुरशी धरते. पावसाळ्यात दाराबाहेर काथ्याचे पायपुसणे ठेवावे आणि ही सतरंजी आतल्या खोलीत न्यावी. जून ते सप्टेंबर ती धुऊच नये; झटकावी, आणि ऊन पडेल त्या दिवशी पालथी घालून वाळवावी. धुवायचे काम एप्रिल-मेच्या किंवा ऑक्टोबरच्या उन्हात उरकावे. धुतल्यावर पिळू नये आणि दोरीवर टांगू नये, कारण भिजून जड झालेली सतरंजी स्वतःच्याच वजनाने ओघळते आणि तिचा आकार जातो. जुन्या चादरीत गुंडाळून, दाबून पाणी काढावे आणि बाजेवर आडवी पसरावी, म्हणजे खालूनही वारा लागतो. जुने काळे ठिपके बहुधा पूर्ण जात नाहीत. वास मात्र दोन-तीन दिवसांच्या कडक उन्हाने जातो.

प्रश्न : आमचा बचत गट अशा सतरंज्या विक्रीसाठी करू इच्छितो. हाताने फार वेळ लागतो. शिलाई मशीनवर जोडता येतील का?
— बचत गटाच्या सदस्या, कागल

येतील, पण त्यासाठी झिगझॅग टाक्याची मशीन हवी. साध्या मशीनचा सरळ टाका एका वेळी एकाच वेणीत पडतो. शेजारच्या दोन वेण्या त्यात सापडत नाहीत. सुई १६ किंवा १८ नंबरची घ्यावी आणि वेणी अर्ध्या इंचापेक्षा जाड नसावी. मशीनच्या डावीकडे तिच्याच उंचीचे टेबल लावून वाढत जाणारी सतरंजी त्यावर टेकवावी, कारण ती खाली लोंबू लागली की ओढ बसून पुन्हा परातच होते. मशीनची सतरंजी लवकर होते, परंतु तिचा टाका वरून दिसतो आणि एकच बाजू वापरता येते. हाताने ओवलेली सतरंजी दोन्ही बाजूंनी सारखी असते. गटाने दोन्ही प्रकार ठेवावेत आणि किंमत ठरवताना कापडाचे मोल न धरता लागलेले तास मोजावेत. जुने कापड फुकट मिळाले म्हणून श्रमही फुकट द्यावेत, हे आम्हाला मान्य नाही.

प्रश्न : घरात वृद्ध सासूबाई आहेत. गुळगुळीत फरशीवर ही सतरंजी सरकते. उपाय सांगावा.
— एक वाचक भगिनी, ताराबाई पार्क, कोल्हापूर

सतरंजीपेक्षा सर्व बाजूंनी इंचभर लहान असा जाळीदार रबरी तळ कापून खाली घालावा. गालिचाखाली घालण्यासाठी तो तयार मिळतो. तो सतरंजीला शिवू नये, म्हणजे दोन्ही वेगवेगळे धुता येतात. शेवटच्या फेरीचे टोक एकदम कापून संपवलेले असेल तर तिथे पायरी राहते आणि बोट अडखळते. ते टोक उसवून शेवटच्या वीतभर लांबीत तिन्ही पट्ट्या कापून निमुळत्या कराव्यात, वेणी बारीक करत न्यावी आणि उरलेली टोके आतल्या फेरीच्या वळशांत ओवून पक्की टाचावीत. सासूबाई काठी घेऊन चालत असतील, तर मात्र त्यांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर सतरंजी घालूच नये. ती पलंगाच्या दुसऱ्या अंगाला किंवा खिडकीखाली घालावी.