वाचकांचे प्रश्न : उत्तर मुकुटातला टी तारा

प्रश्न : उत्तर मुकुट या तारकासमूहातल्या ‘टी’ ताऱ्याचा स्फोट होणार म्हणतात. तो का होतो आणि ओळखायचा कसा?

उत्तर : हे जोडतारे आहेत. तांबडा राक्षसी तारा आणि तप्त श्वेतबटू (विझलेल्या ताऱ्याचा छोटा, घट्ट गाभा) सुमारे २२७ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. राक्षसी ताऱ्याचा हायड्रोजन बटूभोवतीच्या तबकडीतून त्याच्या पृष्ठावर साचतो. थर पुरेसा दाबला गेला की अणुसंमीलन (हायड्रोजनचे अणुकेंद्र जुळून ऊर्जा बाहेर पडणे) एकदम भडकते. थर उडतो, बटू मात्र शाबूत राहतो. म्हणूनच १८६६ नंतर १९४६ मध्ये तो पुन्हा भडकला. पुढच्या स्फोटाची नेमकी तारीख सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

स्वाती आणि अभिजित या ताऱ्यांमध्ये, स्वातीच्या बाजूला, मुकुटाची अर्धगोल कमान दिसते. तिच्यातल्या एप्सिलॉन ताऱ्यापासून जेमतेम एक अंशावर टी आहे. एरवी तो दहाव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद), म्हणजे दुर्बीण हवीच. भडकल्यावर कमानीतल्या ठळक अल्फेकाच्या (प्रत २.२) तोडीचा होऊ शकतो, पण नुसत्या डोळ्यांना जेमतेम आठवडाभर दिसेल. आजच कमान पाठ करून ठेवा.

प्रत ठरवताना टक लावू नका. तांबडा तारा रोखून पाहिला की आहे त्यापेक्षा तेजस्वी वाटतो. झटपट नजर टाकून शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करा.