गोव्यात फोंड्याला दुमजली घर बांधतोय. चिरा (जांभा दगड) वापरू की एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे)? गवंडी ब्लॉकला नाही म्हणतोय.

जोत्यापर्यंत चिराच घाला, तिथे ब्लॉक नको. एएसी पाणी शोषतो आणि आपल्याकडे पाऊस 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो. वर, कॉलम-बीमचा सांगाडा असेल तर ब्लॉक बिनधास्त वापरा. घनमीटरला साधारण 550 ते 650 किलो वजन, म्हणजे चिऱ्यापेक्षा कितीतरी हलका. बीमवरचा भार कमी होतो, घरात उकाडाही कमी जाणवतो.

गवंड्याचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. त्याचा हात चिऱ्यावर बसलेला आहे. डिचोलीला आमच्या घरी गवंड्याने ब्लॉक चिऱ्यासारखेच लावले: पाइपने चिंब भिजवून, मध्ये बोटभर सिमेंटचा माल. पहिल्याच उन्हाळ्यात गिलाव्यावर सांध्यांच्या रेषेत भेगा उमटल्या, अगदी जिन्यासारख्या पायऱ्या-पायऱ्यांनी. ब्लॉक वाईट नव्हते, पद्धत चुकली.

ब्लॉकला नुसता ओला हात फिरवला तरी पुरतो. सांधा 3 मिलिमीटरचा, तयार ब्लॉक-गमचा (ब्लॉक चिकटवायच्या मालाचा), दातेरी थापीने ओढलेला. कॉलमला भिंत मिळते तिथे गिलाव्याखाली जाळी हवीच. बाहेरचा गिलावा पावसाआधी पूर्ण करा, नाहीतर भिंत ऑक्टोबरपर्यंत सुकत नाही.

ब्लॉक पुरवणाऱ्याकडे एक दिवसासाठी त्यांचा माणूस मागा. तुमच्या गवंड्याच्या हातून पहिले दोन थर त्याच्यासमोर लावून घ्या. आम्ही दुसऱ्या मजल्याला तसंच केलं, तिथे अजून एकही भेग नाही.