तंबाखू सोडताय? पहिल्या आठवड्यापुरतं

तारीख ठरवलीत, हे फार चांगलं केलंत. आदल्या रात्री पुडी, चुन्याची डबी, गाडीच्या डिकीतली राखीव पुडी, सगळं फेकून द्या. खिशात पुडी ठेवून निग्रह करायला जाणं ही पहिली चूक; बहुतेक जण तिथेच घसरतात.

तलफ सहसा ५-१० मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा: घोट घोट पाणी, तोंडात लवंग, आणि जागेवरून उठणं. जेवणानंतर ती हमखास येते, म्हणून हात धुतानाच दात घासून टाका. पहिले ३ दिवस सर्वांत जड. चिडचिड होईल, झोप मोडेल. निकोटीन तुटल्याचीच ही लक्षणं.

निकोटीनचं च्युइंगम घेतलंत तर सलग चघळू नका. झिणझिण्या आल्या की गालाशी दाबून ठेवा, त्या थांबल्या की पुन्हा चावा. सलग चघळल्यास उचकी लागते, मळमळतं, आणि लोक गम सोडून पुन्हा पुडीकडे वळतात. चहा-कॉफीनंतर १५ मिनिटं थांबूनच घ्या.

मिश्रीवर जाऊ नका, ती भाजलेली तंबाखूच. सुपारीही नको, तिनेही तोंडाचा कर्करोग होतो.

एखाद्या वेळी खाल्ली गेलीच तर सोमवारची वाट न बघता तिथेच थांबा. मोफत सल्ल्याचा सरकारी नंबर १८००-११-२३५६. गम कमी कसं करायचं ते नंतर बघू.